पक्का करायच्या आधी

"हे काय राख फासल्यासारखं तोंड झालंय माणसाचं!" काकू पडद्याला म्हणाल्या. खोलीत दुसरं कोणी नव्हतं आणि पडद्याला रागावायची त्यांना सवय होती.

पडद्यावर बेकरीवाल्यांचा अख्खा गोतावळा उभा होता. म्हातारा-म्हातारीच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलगे, मुली, सुना, जावई, नातवंडं कुठून कुठून विमानं बदलत आली होती. सगळी बेकरीच्या मागच्या अंगणात ओळीने उभी, आणि सगळी निळी. एकेकाला शाईच्या बाटलीत बुडवून वाळत घातल्यासारखी.

निळ्याचं काकूंना काही वाटलं नव्हतं. निळं आता रोजचंच झालं होतं. दुकानाच्या मागच्या या खोलीत बसायचं, कॅमेऱ्यातून आलेले कच्चे फोटो उघडायचे, निळे असले तर पडद्यावरची पट्टी उन्हाकडे सरकवायची, काळे असले तर उजेडाकडे, आणि माणसांची तोंडं माणसांसारखी झाली की बटण दाबून पक्का फोटो करायचा. कच्चा म्हणजे रॉ आणि पक्का म्हणजे जेपीजी, ही नावं पोराची. काकूंची शाळा अक्षरं जुळायला लागली तेवढ्यातच सुटली होती, त्यामुळे त्या नावांच्या वाटेला जात नसत. कच्च्या फोटोच्या नावाला कसली शेपटी असते आणि पक्क्याच्या नावाला कसली, हे त्यांना तोंडओळखीने कळायचं. शेजारणी ओळखायला त्यांची नावं कुठे वाचावी लागतात?

आज मात्र पट्टी उन्हाकडे सरकवली आणि बेकरीवालीचं तोंड निळ्याचं राखाडी झालं. आणखी सरकवली तर गालावर खरजेसारखे पिवळे चट्टे. उजेड वाढवला तर म्हाताऱ्याच्या काळ्या कोटात वाळूसारखे ठिपके उठले. एरवी कच्चा फोटो कसा ऐकून घ्यायचा! कितीही बिघडू दे, आतमध्ये सगळं शाबूत असायचं. कुठे काय दडलंय ते काढता आलं पाहिजे. हा फोटो आतून रिकामा होता.

काकूंनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि नावाची शेपटी बघितली. मग पुढच्याची बघितली. मग सरळ शेवटच्यावर गेल्या. सगळ्या शेपट्या पक्क्याच्या.

"अरे ए! इकडे ये आधी!"

पोरगा पुढच्या दुकानातून आला. पोरगा म्हणायचा आपला. कानांवर केस पांढरे व्हायला लागले होते. पुढे पासपोर्टाचे फोटो, झेरॉक्स, चौकटी हे सगळं तोच बघायचा. मागच्या खोलीत त्याचं काम नसायचं आणि काकू पडू देत नसत.

"काय झालं?"

"बेकरीवाल्यांचे कच्चे फोटो कुठायत?"

पोराचं तोंड फुललं. "ते नाहीतच. तुला सांगायचंच राहिलं. कॅमेऱ्यात जाऊन मी बदलून ठेवलं परवा. आता तो पक्केच फोटो देतो. तुझी कटकट मिटली ना?"

"मी आले होते तुझ्याकडे कटकट मिटवून दे म्हणून?"

"आई, फोटो साठवायच्या हार्ड डिस्क सगळ्या भरल्यात. एकेक कच्चा फोटो पाच-सहा पक्क्यांची जागा खातो आणि तू एक पुसू देत नाहीस. कोण कुठल्या बारशाचे, कोण कुठल्या पेन्शनवाल्याचे… आणि बाबांचे फोटो तर कायमच फर्स्ट क्लास असतात. त्यांना कच्चं कशाला पाहिजे?"

काकूंनी नुसतं पडद्याकडे बोट केलं. त्या गप्प बसल्या की पोराला लहानपणापासून धडकी भरायची. तो वाकून पडद्याकडे बघायला लागला.

"पण हे… हे निळे का आलेत सगळे?"

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता.

फोटो काढायचे काका, आणि काकांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. ते काही गुपित नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी धरून ठेवायची. काका नेमाने थेंब घालायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "डोळ्यांचं काय घेऊन बसलात! माझे फोटो बघा. आहे का फरक?" फरक नव्हता. गल्लीतल्या कुठल्याही भिंतीवर बघावं, काकांच्या फोटोतली माणसं होती तशीच जिवंत. तेवढ्या एका गोष्टीवर काका सकाळी उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडायचे.

फरक सगळा या खोलीत होता. कॅमेऱ्याला आधी सांगावं लागतं, की बाबा रे, आजचा उजेड उन्हाचा आहे का दिव्याचा. त्यासाठी पाठीवर एवढीएवढी चित्रं असतात, एक सूर्याचं, एक दिव्याचं. दिव्याचं सांगून उन्हात फोटो काढला की माणसं निळी पडतात. काकांना ती चित्रं दिसत नव्हती. उजेडाचे आकडेही दिसत नव्हते, ते आठवणीने बोटं फिरवायचे. कॅमेरा नेम धरायचा आपला आपण, त्यामुळे फोटो रेखीव यायचे. बाकीचं काकू मागून नीट करायच्या. एकदा त्यांनी गुपचूप चकती फिरवून कॅमेऱ्याला सगळं आपोआप करायला लावलं होतं. काकांच्या अंगठ्याला ते चकतीला हात लावल्या लावल्या कळलं. "कोणी हात घातला? मी काय टुरिस्ट आहे का, नुसतं बटण दाबायला?" त्या दिवशी घरात भांडीसुद्धा वाजली नाहीत.

पोरगा खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "म्हणजे इतके दिवस बाबांचे सगळे फोटो…"

"हळू बोल. पुढे बसलेत."

"आणि त्यांना माहीत नाही?"

"कॉम्प्युटर माझा, कॅमेरा त्यांचा, अशी वाटणी आहे आमची. ते इकडे डोकावत नाहीत. डोकावले तरी काय दिसणार आहे?"

पोराने कपाळावरचा घाम पुसला. "बेकरीवाल्या आजी येतीलच आता फोटो निवडायला. प्रत्येक पोराबरोबर चौकट करून द्यायचीय त्यांना. उद्या दुपारी सगळे चाललेत, आई. हे परत कधी एकत्र येणार?"

"ते मला ठाऊक आहे. मला न कळणारं काहीतरी सांग."

पोराने खरंच सांगितलं. "मी कॅमेरा परत कच्च्यावर लावतो. आजींना सांगू, कॅमेऱ्यात बिघाड झाला. उद्या सकाळी बाबा जाऊन परत काढतील. निळे येऊ देत, काळे येऊ देत. तू नेहमीसारखं कर. कोणाला काही कळायला नको."

काकूंनी त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. पोरगं आपल्यावर गेलंय, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. "चालेल," त्या म्हणाल्या. "कॅमेऱ्यावर ढकलू. कॅमेरा कुठे उलट बोलतोय."

पुढे बेकरीवाली आलीच होती. अंगाने किरकोळ, आवाज मात्र भट्टीपासून रस्त्यापर्यंत पोचणारा. काका नेहमीच्या खुर्चीत ताठ बसून तिला पंधरवड्यापूर्वीच्या कुठल्याशा साखरपुड्याची गंमत सांगत होते. तिची मान डोलत होती, पण डोळे मागच्या दाराकडे.

"दाखव गं माझी गँग," काकू दिसताच ती म्हणाली. "धाकट्या नातवाने तेवढं नाकात बोट घातलेलं नसू दे."

"वहिनी, फोटो आले नाहीत," काकू म्हणाल्या. वाईट बातमी चमच्याचमच्याने पाजायची त्यांना सवय नव्हती. "कॅमेऱ्याने दगा दिला. एकही धड नाही."

बेकरीवाली बसली होती ती उठली आणि उठली होती ती बसली. "एकही नाही?"

"कॅमेऱ्याने?" काकांची मान वळली. "माझ्या कॅमेऱ्याने?"

"बिघाड झालाय."

"काय बिघाड झालाय? काल माझ्या हातात होता. आवाज बरोबर येत होता, बटण बरोबर बसत होतं. बिघाड असा आभाळातून पडत नाही." काकांनी टेबलावर बोटं वाजवली. "कोणी हात लावला त्याला?"

पोरगा काउंटरची काच पुसत होता. फडकं थांबलं.

"मी लावला, बाबा. परवा. आत एक गोष्ट बदलली होती."

"वाटलंच मला!" काका उठून उभे राहिले. "सांगितलं नव्हतं, त्याला हात लावायचा नाही म्हणून? पासपोर्टाचे चौकोन कापण्यापलीकडे अक्कल नाही आणि चालला माझ्या कॅमेऱ्यात बोटं घालायला! बघा वहिनी, हा आमचा वारस. ह्याच्या हातात मी दुकान सोपवणार होतो. पन्नास वर्षांचा संसार तुमचा, एका बटणात मातीत घातला यानं. लाज वाटते का रे? मान वर करून बघ त्यांच्याकडे."

पोराने मान वर केली नाही. बेकरीवाली फरशीकडे बघत राहिली. दुसऱ्याच्या घरातलं भांडण नको तितकं ऐकू यावं तशी.

"चुकलं, बाबा," पोरगा म्हणाला.

"नुसतं चुकलं म्हणून भागत नाही. यापुढे कॅमेऱ्याच्या जवळ फिरकायचं नाही. आणि वहिनी, तुम्ही घोर लावून घेऊ नका. उद्या सकाळी मी स्वतः येतो. माझ्या हातचा फोटो आजवर वाया गेलेला नाही. विचारा कोणालाही."

"हो बाबा," पोरगा म्हणाला, विचारलेलं नसताना.

ते 'हो बाबा' काकूंना लागलं. त्यांनी आजवर जे झाकलं ते स्वतःच्या पदराखाली झाकलं होतं, त्याचं ओझं कोणाच्या डोक्यावर दिलं नव्हतं. आता नवऱ्याची मान ताठ राहावी म्हणून पोरगा मान खाली घालून उभा होता, तेही गिऱ्हाइकासमोर. आणि हे आज झालं. उद्या नवं काहीतरी होईल, परत कोणीतरी मान खाली घालेल. असला हिशेब काकूंना मंजूर नव्हता.

"वहिनी, जरा बसा. पाणी दे रे त्यांना." त्यांनी मागचं दार उघडलं. "अहो, आत या."

"आता नाही. आधी याला…"

"आत या म्हटलं ना."

काका आले. चौकटींच्या दोन रांगांमधून एकाही चौकटीला धक्का न लागता आले. पायांना सगळं पाठ होतं. काकूंनी दार लावून घेतलं.

"तुमच्या बायकोला गोड बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा सरळ ऐका. फोटो निळे आलेत. तुम्ही दिव्याच्या चित्रावर ठेवून उन्हात काढलेत. पोराने कॅमेरा पक्क्यावर लावला, एवढीच त्याची चूक. कच्चे असते तर मी दुरुस्त केले असते."

"दिव्यावर? मी? शक्य नाही."

"या. बघा."

ते खुर्चीत बसले. पडद्याच्या इतके जवळ गेले की नाकाची सावली बेकरीवाल्या म्हाताऱ्याच्या छातीवर पडली. मान इकडून तिकडे केली. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा.

"निळे आहेत?"

"निळे आहेत."

"मला धुरकट दिसतंय नुसतं. पडदाच…" ते थांबले. पडद्यावर ढकलायचं त्यांनी सोडून दिलं. "ही पहिली वेळ?"

काकूंच्या तोंडात 'हो' तयार होतं. तेवढं एक म्हटलं असतं तर अजून सावरलं असतं. पोरगा बाहेर फडकं धरून उभा होता.

"नाही."

"साखरपुडा? पंधरवड्यापूर्वीचा?"

"निळा."

"त्या नर्सबाईंचा निरोप समारंभ?"

"तो काळा. नर्सबाईंची टोपी तेवढी दिसत होती."

काकांना हसू आलं, आणि ते हसू तोंडावरच कुठेतरी अडकलं. "आणि लोक माझे म्हणून भिंतीवर लावतायत ते…"

"तुमचेच आहेत. उगाच हुतात्मा होऊ नका. नर्सबाई टोपी काढता काढता रडल्या, तो क्षण तुम्ही पकडलात. मी तो पकडला नाही, मी फक्त उजेड सोडला त्याच्यावर. कच्च्या फोटोत नसलेलं काही मला आणता येत नाही. असतं तेवढंच वर काढता येतं."

"मला सांगायचं होतंस गं."

"सांगितलं असतं तर कॅमेरा खुंटीला टांगून दिवसभर माझ्या डोक्यावर बसला असता. भाजी अशी का चिरली, दार तसं का लावलं. मला दुकान चालवायचं होतं." काकूंनी पडद्यावरची पट्टी परत जागेवर आणली. "आणि तुम्ही सकाळी इस्त्रीचा शर्ट घालत होता, ते मला बघायचं होतं. बस."

काका उठले. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. दार उघडून ते पुढे गेले आणि काउंटरला हात टेकून उभे राहिले.

"वहिनी, मघाशी मी बोललो ते मागे घेतो. फोटो पोरामुळे बिघडले नाहीत. मला दिसत नाही. मी चुकीचं लावून काढले." मग पोराच्या दिशेने, जरा अंदाजाने, "तू विचारल्याशिवाय हात लावलास, ते मात्र चूकच. पुढच्या वेळी विचारायचं."

"हो बाबा," पोरगा म्हणाला. या वेळचं 'हो बाबा' वेगळं होतं. त्याने फडकं खाली ठेवलं.

बेकरीवालीने तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "मला काही उमगत नाही. आमच्या थोरल्या सुनेचे, नातवाचे, एवढे चांगले फोटो काढलेत की भाऊजींनी."

"वहिनी," काकू म्हणाल्या, "पीठ मळून ठेवलंय आणि मीठ कमी पडलं. काय करता?"

"काय करायचं? घालायचं."

"आणि पाव भट्टीतून निघाल्यावर कळलं तर?"

"मग काय डोंबल करणार! गुरांना घालायचा."

"हेच झालंय. हे पीठ आणायचे, मी मीठ-पाणी बघून भाजायचे. या वेळी कॅमेऱ्याने परस्पर भाजून आणलं."

बेकरीवाली खदखदून हसली. नको तिथे हसलो असं वाटून तिने तोंडावर हात नेला, पण काकाही हसत होते. "मग आमच्यात वेगळं काय आहे?" ती म्हणाली. "गाव त्यांना बेकरीवाले म्हणतं, आणि त्यांनी लग्नानंतर पिठाला हात लावला असेल तर शपथ." मग ती गंभीर झाली. "पण भाऊजी, पोरं उद्या जातात. धाकटीचं येणं आता कधी होईल देव जाणे. फोटो मला पाहिजे. कोण काढेल?"

"पोरगा काढेल," काकू म्हणाल्या.

"पोरगा नाही," काका म्हणाले. "ही काढेल."

"मी? मी उभ्या जन्मात कॅमेरा धरलेला नाही."

"पोरगा नीट फोटो काढेल. रंग बरोबर, उजेड बरोबर, सगळं बरोबर. पण माझ्या फोटोत काय असतं ते तुला ठाऊक आहे. इतके दिवस तूच ते उकरून काढतेस." ते बेकरीवालीकडे वळले. "मी बरोबर असेन. माणसं मी उभी करतो. हिला फक्त बोट हलवायचंय, आणि बोट दाखवायची हिला पुष्कळ सवय आहे."

सकाळी बेकरीच्या अंगणात ऊन कोवळं होतं. पोराने कॅमेरा कच्च्यावर लावून, सूर्याचं चित्र आईला दाखवून दिलं होतं. काकूंनी ते स्वतः दोनदा तपासलं. कॅमेरा हातात घेतला तेव्हा त्यांना तो वाटला होता त्यापेक्षा जड लागला, पण हे त्या कोणाला सांगणार नव्हत्या.

काका त्यांच्या शेजारी उभे राहिले, त्यांचं कोपर हलकं धरून.

"सूर्य कुठे आहे?"

"तुमच्या उजव्या खांद्यावर."

"वहिनींच्या कपाळावर काय आहे?"

"झाडाची सावली. जाळी पडलीय."

"वहिनी, एक पाऊल पुढे या. जावईबापू, तुमचा आवाज फार मागून येतोय. लपताय का कोणापासून? उंच आहात तर खांदा वाकडा करा जरा, सासऱ्यांना झाकू नका. पोरं कुठायत? मला पोरांचा आवाज येत नाहीये, म्हणजे काहीतरी खोडी चाललीय."

खरंच चालली होती. धाकटा नातू बहिणीच्या वेणीला पानं अडकवत होता. "असू दे," काका म्हणाले. "त्याला करू दे. कोणी ओरडायचं नाही त्याला."

सगळी उभी राहिली, पण उभी राहिली ती पोस्टाच्या तिकिटासारखी. काकूंना डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून ते दिसत होतं आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. बटण दाबावं तर हे असलंच येईल. हात भरून यायला लागला.

"दादा," काका बेकरीवाल्याला मोठ्याने म्हणाले, "पन्नास वर्षांत एकदा तरी भांडणात जिंकलात का?"

बेकरीवाला म्हातारा मुळात कमी बोलणारा. तो विचारात पडला. अंगण त्याच्या उत्तरासाठी थांबलं. म्हाताऱ्याने बायकोकडे बघितलं आणि तोंड उघडलं, आणि अजून कोणी हसलेलं नसताना, म्हाताऱ्याने शब्दही उच्चारलेला नसताना, काकांची बोटं काकूंच्या कोपरावर घट्ट झाली.

काकूंनी बटण दाबलं. दाबतच राहिल्या.

"एकदा," म्हातारा म्हणाला. "तेव्हा ही माहेरी होती."

मग जे हसणं उसळलं त्यात थोरला जावई डोळे पुसत होता, बेकरीवाली नवऱ्याच्या पाठीत धपाटा घालत होती आणि धाकटी मुलगी आईच्या खांद्यावर डोकं टाकून हसता हसता रडायच्या बेतात आली होती. काकूंना खिडकीतून सगळं दिसत होतं. काका हसण्याच्या किती आधी बटणाकडे निघतात, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. मागच्या खोलीत बसून ते कधीच कळलं नसतं.

दुपारच्या आधी चौकटी द्यायच्या होत्या. पोरगा पुढे काचा पुसून तयार बसला. मागच्या खोलीत काकूंच्या खुर्चीशेजारी आज स्टूल ओढलेलं होतं आणि त्यावर काका बसले होते.

काकूंनी पहिला कच्चा फोटो उघडला. हात सवयीने पट्टीकडे गेला आणि तसाच थांबला. सरकवायला काही नव्हतं. ऊन उन्हासारखं होतं, बेकरीवालीचं कपाळ कपाळासारखं.

"सांग," काका म्हणाले.

"छान आहे."

"तसं नको. गिऱ्हाइकाला सांगतेस तसं नको. आहे तसं सांग."

काकूंनी चष्मा खाली घेतला. "म्हातारा तोंड उघडून बघतोय तिच्याकडे. ती बघतेय समोर, पण तिला कळलंय तो काय बोलणार ते. ओठ आवळलेत, एका बाजूने सुटलेत."

"डोळ्यांत उजेड आहे?"

"तिच्या आहे. त्याच्या एकाच डोळ्यात."

"जावई?"

"उंचाड्याचं अर्धं तोंड कापलं गेलंय. मी कॅमेरा खाली धरला."

"पुढच्यात बघ."

"पुढच्यात पूर्ण आहे. पण त्यात म्हाताऱ्याचे डोळे मिटलेत."

"त्याच्या पुढचा?"

काकू एकेक उघडत गेल्या आणि एकेक सांगत गेल्या. कुठे हात हलला होता, कुठे नातवाचं नुसतं डोकं आलं होतं. त्यांनी काही झाकलं नाही. काका मान कलती करून ऐकत होते, आणि दोन वेळा "बरोबर" म्हणाले, जणू समोर त्यांनाच दिसतंय. एका फोटोपाशी काकू बोलता बोलता थांबल्या.

"काय झालं?"

"धाकटी. आईच्या खांद्यावर डोकं टाकलंय. म्हातारी हसतेय सगळ्यांबरोबर, पण हात वर गेलाय पोरीच्या डोक्यावर. तिला स्वतःलाच माहीत नसेल कधी गेला ते."

काका स्टुलावर पुढे सरकले. मग म्हणाले, "हाच. याच्यात काही सरकवू नकोस. कर पक्का."

काकूंनी बटण दाबलं. पडद्यावर बारीक रेघ भरत गेली. पुढच्या दुकानात पोरगा बेकरीवालीच्या थोरल्या मुलाला बसायला सांगत होता. गाडी वाट बघतेय, किती वेळ, असं काहीतरी चाललं होतं.

"झाला," काकू म्हणाल्या आणि वळल्या.

काकांनी कॅमेरा मांडीवर घेतला होता. गळ्यात अडकवायच्या पट्ट्याचं बक्कल त्यांनी बोटांनी चाचपून सोडवलं होतं आणि पट्टा आत ओढत होते. थोडा ओढायचा, हाताने मापायचा, परत थोडा.

"हे काय करताय?"

"तुला लांब होतो. सकाळी सारखा तुझ्या बटणांवर आपटत होता, ऐकू येत होतं मला." त्यांनी बक्कल लावलं, अंगठ्याने दाबून बघितलं, आणि जे टोक जास्तीचं राहिलं ते नीट दुमडून आत खोचलं. "उभी राहा बघू."

काकू उभ्या राहिल्या. काकांनी पट्टा त्यांच्या डोक्यावरून घातला, मानेमागे अडकलेले केस बाहेर काढले, आणि कॅमेरा कुठवर येतो ते तळहाताने बघितलं.